तळटीप : कॅथेटर अ‍ॅब्लेशन

३. लेखक इथे ‘शस्त्रक्रिया’ म्हणतात, पण यात छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकावरचे इलेक्ट्रोड आधी विजेचे संकेत टिपून ठोक्यांच्या लयीतल्या बिघाडाची जागा शोधतात. मग त्याच टोकातून रेडिओलहरींच्या वारंवारतेचा प्रवाह सोडून तेवढाच भाग डागतात. ऊतीचे तापमान साधारण ५० अंश सेल्सिअसपुढे गेले की तिथून संकेत पुढे जात नाही. आरंभीची पद्धत फार कठोर होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्व्हिन शाइनमन यांच्या गटाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारात नळीतून थेट विजेचा जोरदार झटका देत; वरच्या व खालच्या कप्प्यांमधला दुवा त्याने तुटे आणि रुग्णाला पेसमेकर लागे. १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांनी दाखवले, की एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची, ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या आत पडते. माझ्या मते या उपचाराला खरी दिशा या शोधाने दिली. त्या शिरा आता गोठवणाऱ्या फुग्याने किंवा विजेच्या अत्यंत अल्पकालीन स्पंदांनीही विजेच्या दृष्टीने हृदयापासून वेगळ्या पाडतात. — संपा.