पाव इंचाची शिवण

मागच्या दिवाळीला आमच्या गटाने तुकडे जोडून वीस अभ्रे शिवले. सात परत आले. कापड चांगलं, टाका घट्ट, पण माप चुकलेलं. बायका हिरमुसल्या. तेव्हा गटाच्या बैठकीत आम्ही एक जुनी हकिगत सांगितली.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड आणि आसपासच्या वस्त्यांत काळ्या शेतकरी बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. माप नजरेचं. १९६० नंतरच्या दशकात मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कित्येक कुटुंबांची घरं आणि कसायची जमीन गेली. १९६६ साली या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 'बी' म्हणजे आपली इर्जिकच, सगळ्यांनी मिळून करायचं काम. १९७२ साली सिअर्स या मोठ्या दुकानाने त्यांना कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम दिलं. आता नजरेचं माप चालणार नव्हतं. सगळे अभ्रे एकसारखे हवेत.

आपल्या गोधडीत थरांवर ठिगळं लावतो, त्यामुळे सूतभर फरक झाकला जातो. तुकड्याला तुकडा जोडला की तसं होत नाही. दोन्ही कडांचं कापड शिवणीत जातं. प्रत्येक कडेला अर्धं सूत जास्त गेलं, तर एका शिवणीत एक सूत. बारा तुकड्यांच्या ओळीत अकरा शिवणी, म्हणजे अकरा सूत. ओळ जवळजवळ दीड इंच आखूड!

म्हणून आता आम्ही मशीनवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावतो. आधी दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघतो. मधली बरोबर एक इंच भरली, तरच पुढचं काम.

मग नजरेचा हात वाया गेला का? नाही. अभ्र्यांतून उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या त्या बायकांनी घरी नेल्या आणि मनासारख्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्यांच्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भरलं. त्यात या चिंध्यांच्या गोधड्याही होत्या.

घरच्या गोधडीला आजीचा हात राहू द्या. ऑर्डरीच्या कामाला मात्र पाव इंच म्हणजे पाव इंचच. आमचे सात अभ्रे उसवून पुन्हा शिवले. या वेळी एकही परत आला नाही.