ड्युअल ऑडिओ

ड्युअल ऑडिओ : मोबाइल फोनमधील ध्वनी एकाच वेळी दोन बिनतारी स्पीकरांवर किंवा हेडफोनांवर ऐकवणारी ब्लूटूथची सोय. पारंपरिक ब्लूटूथमध्ये स्टिरिओ ध्वनी ‘ए२डीपी’ प्रणालीने जातो. ही जोडणी एक प्रेषक व एक ग्राही यांच्यातच होत असल्याने दोन उपकरणांसाठी फोनला दोन स्वतंत्र प्रवाह पाठवावे लागतात. आलेला ध्वनी उलगडण्यास प्रत्येक उपकरण वेगवेगळा वेळ घेते. त्यामुळे निरनिराळ्या बनावटीचे स्पीकर जवळजवळ ठेवल्यास आवाज मागेपुढे ऐकू येतो. हेडफोनांवर दोघे स्वतंत्रपणे ऐकत असल्याने हा दोष जाणवत नाही.

सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ फोनमध्ये ही सोय दिली. ॲपलने ती २०१९ मध्ये आयओएस १३ मालिकेत, निवडक एअरपॉड्स व बीट्स हेडफोनांपुरती आणली. जानेवारी २०२० मध्ये ब्लूटूथचे ‘एलई ऑडिओ’ हे नवे मानक जाहीर झाले. त्यात एलसी३ ही ध्वनिसंक्षेपण पद्धत वापरतात आणि अनेक ग्राहींमधील ध्वनीची वेळ जुळवता येते. त्यातील ‘ऑराकास्ट’ पद्धतीत रेडिओप्रमाणे एकच प्रसारण परिसरातील अनेक हेडफोन, स्पीकर व श्रवणयंत्रे घेऊ शकतात. मात्र प्रेषक आणि ग्राही या दोहोंत ही क्षमता असावी लागते.