पाहिले ते आणि कळले ते: प्रस्तावना

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या महाविद्यालयांतून नांदेड-लातूरकडची मुले-मुली प्रकल्प आणि लघुप्रबंध लिहितात. प्रश्नावल्या भरून येतात, कोष्टके तयार होतात, पण लिहायला बसल्यावर अनेकांचा हात अडतो. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

सारांश, प्रास्ताविक, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भसूची, परिशिष्टे ही प्रकरणे पाठ असतात. ती वेगळी का ठेवायची, हे किल्लारीवरून समजते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे झालेला भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा होता, तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. पडलेल्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि जाड होत्या, आतला-बाहेरचा थर सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते आणि वर मातीचे जड माळवद होते. ही झाली निरीक्षणे. हादऱ्याने थर सुटले, माळवद कोसळले आणि झोपेतली माणसे दबली, हे विश्लेषण. नव्या घरांत दारे-खिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटची पट्टी फिरवावी, ही शिफारस. तिन्ही निरनिराळ्या लिहिल्या की शंका असणाऱ्याला नेमके कुठे पटत नाही ते सांगता येते. एकत्र कालवल्या की वाचकाने एक तर सगळे मानायचे, नाही तर सगळे नाकारायचे.

लिहिताना पद्धतीपासून सुरुवात करा. कोणती गावे घेतली, घरे कशी निवडली, कोणी बोलायला नकार दिला, हे आठवण ताजी असतानाच कागदावर यावे. मग कोष्टके आणि निरीक्षणे, त्यानंतर विश्लेषण. सारांश पहिल्या पानावर छापला जातो, पण लिहायचा सगळ्यात शेवटी. दुसऱ्याचे म्हणणे घेतले तर त्याच ओळीत त्याचे नाव द्या. पूर्ण प्रश्नावली परिशिष्टात जोडा.

मांजरा धरणाचे पाणी, सोयाबीनचा भाव, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे यांवर अजून खूप लिहायचे आहे आणि ते इथल्याच मुलामुलींनी लिहावे, असे मनापासून वाटते. दहा वर्षांनी कुणी तुमचा अहवाल हातात घेऊन त्याच गावात गेले, तर तीच पाहणी त्याला पुन्हा करता आली पाहिजे. तेवढे साधले की अभ्यास पुढे सरकतो. या कामात तुमचे स्वागत आहे.