‘रिकामटेकड्या’ बायका आणि त्यांचं इंजिन

इंग्लंडच्या कालव्यांवर मरीना असतात. मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग. तिथे जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब अशा रंगीबेरंगी नॅरोबोटी ओळीने बांधलेल्या दिसतात. त्यांतल्या काहींमध्ये माणसं बाराही महिने राहतात. इन्स्टाग्रामवर आपल्याला दिसतात त्या छपरावरच्या कुंड्या आणि हातातला कॉफीचा मग. मागच्या फळीखालचं डिझेल इंजिन मात्र फोटोत येत नाही.

त्या इंजिनाला रोज कुणीतरी हात लावावा लागतो. डिपस्टिकने तेल बघायचं, पट्टा सैल झालाय का ते चाचपायचं. प्रोपेलरचा दांडा बोटीतून पाण्यात जातो, तिथल्या ग्रीसच्या कपाला एक पीळ द्यायचा, नाहीतर तिथून पाणी आत झिरपतं. बोट एका जागी उभी असली तरी सुटका नाही. डिझेलच्या टाकीत हवेतला ओलावा साचून पाणी जमतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबतो.

ही कामं नेमकी कोण करत आलं, हा प्रश्न मला इंजिनापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

बोटीवर राहणं ही सुरुवातीला हौस नव्हती. अठराव्या शतकात खोदलेल्या या कालव्यांवरून कोळसा, धान्य, चिनीमाती जायची. बोट घोडा ओढायचा. मग रेल्वे आली, भाडी पडली, आणि बऱ्याच नावाड्यांना काठावरचं घर परवडेना. बायकामुलं बोटीवर आली. सगळा संसार सुमारे दहा फूट लांबीच्या केबिनमध्ये. १८७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा बोटींची ‘राहती जागा’ म्हणून नोंदणी सुरू केली, इतकी ही गोष्ट सर्रास झाली होती.

इंजिन आलं ते जागा वाचवायला. वाफेच्या बोटी होत्या, पण बॉयलर आणि कोळशातच मालाची बरीच जागा जायची, शिवाय माणसंही जास्त लागायची. १९१२ साली ‘फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन’ या वाहतूक कंपनीने ‘लिंडा’ नावाच्या बोटीत स्वीडिश बोलिंडर इंजिन बसवलं. ते सुरू करणं हा एक सोहळाच होता. आधी ब्लोलॅम्पने सिलिंडरच्या डोक्यावरचा गोळा चांगला तापवायचा, मग फ्लायव्हीलला लाथ घालायची. बोट मागे न्यायची तर इंजिनच उलटं फिरवायचं: वेग मरत आला की नेमक्या क्षणी इंधनाचा फवारा द्यायचा. हे सगळं कानाने ऐकून शिकायचं.

एक इंजिनवाली बोट आणि तिच्यामागे ‘बटी’ म्हणतात ती बिनइंजिनाची बोट, अशी जोडी चालायची. जोडीवर मिळून सुमारे ५० टन माल. म्हणजे एक इंजिन बंद पडलं की दोन बोटी ठप्प. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो. फरक इतकाच, की आमच्याकडे सर्व्हर पडला तरी पगार होतो. नावाड्याला मात्र खेपेचे पैसे मिळत, आणि ते कप्तानाच्या, म्हणजे नवऱ्याच्या हातात पडत. बटी हाकणाऱ्या, लॉकचे दरवाजे ढकलणाऱ्या बायकोचा वेगळा पगार नसे.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा ग्रँड युनियन कालव्यावर तरुण मुलींना शिकवून बोटींवर पाठवलं गेलं. बऱ्याचजणी सुखवस्तू घरातल्या. तिघींना एक जोडी. लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैल आणि १६६ लॉक. वाटेत ब्लिसवर्थचा पावणेतीन किलोमीटरहून लांब बोगदा. त्यात काठाने चालायची वाट नाही, त्यामुळे इंजिन आत बंद पडलेलं परवडणारं नव्हतं. जाऊन येऊन तीनेक आठवडे त्या बोटीवरच राहायच्या. स्वयंपाक करायचा, कोळसा उपसायचा आणि इंजिनाचं तेल-ग्रीसही स्वतःच बघायचं. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आयडब्ल्यू’ अशी अक्षरं होती. अर्थ ‘इनलँड वॉटरवेज’. चेष्टेने त्याचं झालं ‘आयडल विमेन’, रिकामटेकड्या बायका!

हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांतल्या काहीजणींनी लिहिलं. सुझन वुल्फिटचं ‘आयडल विमेन’ १९४७ साली आलं, एमा स्मिथचं ‘मेडन्स ट्रिप’ १९४८ साली. पण त्यांच्या शेजारच्या बोटीवरची नावाड्याची बायको हेच काम आयुष्यभर करत होती. तिला बिल्ला नव्हता. सतत फिरत्या बोटीवर वाढल्यामुळे बहुतेकींची शाळा झालेली नव्हती, त्यामुळे पुस्तकही नाही. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ म्हणतात, तसंच रोज करावं लागणाऱ्या कामाचं होतं. किती टन माल गेला हे कंपनीच्या वह्यांत सापडतं. तो वेळेवर पोचावा म्हणून रोज कुणाचे हात काळे झाले, ते नाही.

१९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळपास संपली. पुढे या बोटींवर सुट्टीवाले आले, मग शहरातल्या घरांच्या किमतींनी दमलेले लोक. म्हणजे काहींच्या बाबतीत कारण पुन्हा तेच, काठावरचं घर परवडत नाही.

आज इंजिनाजवळ तासांचा मीटर असतो. साधारण दर २५० तासांनी तेल बदलायचं, आणि तारीख, तास, कुठला फिल्टर घातला हे वहीत लिहायचं. बोट विकताना गिऱ्हाईक ती वही आवर्जून मागतं. त्या जुन्या बायकांची अशी एखादी वही असती, तर कालव्यांचा इतिहास बराच वेगळा वाचायला मिळाला असता.