पतीचा पत्ता

हुबळीहून धारवाडकडे जाणारा रस्ता नवनगर आणि रायापूर मागे टाकीत पुढे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत पोचतो. हुबळीतील एका स्त्रीचे गाऱ्हाणे या खंडपीठापुढे गेले होते. कुटुंब न्यायालयाने तिला पोटगी मंजूर केली होती. परंतु पतीचा ठावठिकाणा लागेना, आणि हुकूम कागदावरच राहिला. ‘आधार’च्या दप्तरी पत्ता असणार, म्हणून तिने माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला. प्राधिकरणाने नकार दिला.

पतीचे म्हणणे ऐकून प्राधिकरणाने फेरविचार करावा, असा आदेश एकल न्यायमूर्तींनी दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. ‘आधार’ कायद्याच्या ३३व्या कलमान्वये अशी माहिती उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या आदेशानेच देता येते, आणि तीही संबंधिताची बाजू ऐकूनच; विवाहामुळे कोणाचा खासगीपणाचा हक्क लोपत नाही, असे सांगून पीठाने प्रकरण पुन्हा एकल न्यायमूर्तींकडे पाठविले.

हा हक्क सहजासहजी हाती आलेला नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींना तो राज्यघटनेत आढळला नाही. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात पोलिसांचे रात्री-अपरात्री घरी येणे घटनाबाह्य ठरले. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मानले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळे मत नोंदविले होते. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये ‘आधार’ योजनेला आव्हान दिले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरविला.

आता कोणी विचारील, हा हक्क पोटगी चुकविणाऱ्याच्या कामी यावा काय? प्रश्न रास्त आहे. पण जे दार या स्त्रीसाठी केवळ अर्जावर उघडेल, तेच मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या दुसऱ्या स्त्रीचा माग काढणाऱ्या पतीसाठीही उघडेल. दाराशी न्यायाधीश उभा हवा, तो यासाठी. मात्र त्याने वेळेवर निर्णय द्यावा, हेही तितकेच खरे. एरवी हक्काच्या आड अन्याय लपतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मात्र पत्ता शोधण्यासाठी दप्तर उघडण्याचीही गरज उरत नाही. छायाचित्रे, खरेदी, प्रवास, दूरध्वनीचे स्थान असे विखुरलेले कण यंत्र क्षणात जुळविते. ते कोणाची बाजू ऐकत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने संमतीला पायाभूत मानले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. परंतु आपणच जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा सरकारला आहे. यंत्राला खाद्य मिळते ते नेमके अशाच मोकळ्या जागांतून.

खंडपीठाने जपलेला नियम जुनाच आहे: ज्याची गोष्ट, त्याला आधी विचारा. नवा कायदा तो नियम यंत्राकडून पाळवून घेतो की नाही, यावरच त्याची किंमत ठरणार आहे.