उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील वंशशोधन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील वंशशोधन म्हणजे ठाणे जिल्ह्यातील या तीन शहरांत व त्यांच्या लगतच्या गावांत राहणाऱ्या कुटुंबांच्या पूर्वजांचा जन्म, विवाह, मृत्यू, जमीन, शाळा, पुनर्वसन आणि जनगणना यांच्या नोंदींवरून घेतला जाणारा शोध होय. जात प्रमाणपत्राची पडताळणी, वारसाहक्क, अधिवास आणि नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी असा शोध घ्यावा लागतो. कौटुंबिक इतिहास लिहिण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

## पार्श्वभूमी

आज लोहमार्गाने जोडलेली ही तिन्ही शहरे पूर्वी कल्याण तालुक्यात मोडत. त्यामुळे जुन्या दस्तऐवजांत गावाच्या नावापुढे 'तालुका कल्याण, जिल्हा ठाणे' असा उल्लेख आढळतो. पुढे उल्हासनगर व अंबरनाथ हे स्वतंत्र तालुके झाले. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात आहे.

वंशशोधनाच्या दृष्टीने येथील लोकसंख्येचे तीन स्थूल गट पडतात. पहिला गट आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी आदी स्थानिक समाजांचा आहे. त्यांच्या नोंदी प्रामुख्याने महसुली दप्तरात मिळतात. दुसरा गट १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय करण्यात आली. 'कल्याण कॅम्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या काळात उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. तिसरा गट रेल्वे, अंबरनाथचे आयुध निर्माणी व आगपेटी कारखाने आणि पुढे मुंबईतील महागडी घरे यांमुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा आहे. या गटाचे जुने अभिलेख बहुधा मुंबई महानगरपालिकेत किंवा कोकण, देश, खानदेश व अन्य राज्यांतील मूळ गावी असतात.

## जन्म व मृत्यूच्या नोंदी

### गाव नमुना नंबर १४

नागरी नोंदणीची सध्याची पद्धत येण्यापूर्वी खेड्यांत जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांमार्फत 'गाव नमुना नंबर १४' या नोंदवहीत होत असे. या जुन्या नोंदवह्या तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात ठेवल्या जातात व तेथून प्रमाणित नक्कल मिळू शकते. अनेक नोंदी मोडी लिपीत असल्याने त्या वाचण्यासाठी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

या नोंदींत जातीचा रकाना असल्यामुळे त्यांना पुढील काळात मोठे महत्त्व आले. मात्र त्या वाचताना काही अडचणी येतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसून केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' असा उल्लेख आणि वडिलांचे नाव असू शकते. आडनाव बहुतेकदा नसते. एकाच गावात एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्यास केवळ नावसाधर्म्यावर नाते ठरवता येत नाही. अशा वेळी वडील, आजोबा व भावंडे यांची नावे आणि जमिनीचा सर्व्हे क्रमांक यांची सांगड घालावी लागते.

### १९६९ चा कायदा

'जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९' महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. या कायद्यानुसार घटनेची नोंद ती जेथे घडली त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, कुटुंब राहते त्या ठिकाणी नव्हे. बदलापूरच्या रहिवाशाचा जन्म उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात झाला असेल, तर नोंद उल्हासनगर महानगरपालिकेत असते. माहेरी बाळंतपण करण्याच्या रूढीमुळे थोरल्या अपत्याची नोंद आईच्या गावी सापडण्याचा संभवही असतो.

स्थानिक संस्थांच्या हद्दी बदलल्याने शोध अधिक गुंतागुंतीचा होतो. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तिच्या हद्दीत होते. १९९२ मध्ये ती वगळण्यात आली व तेथे अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद कारभार पाहू लागल्या. उल्हासनगर नगरपरिषदेची महानगरपालिका १९९६ मध्ये झाली. म्हणून नोंद शोधताना आजची हद्द न पाहता घटनेच्या वर्षी ते ठिकाण कोणत्या संस्थेकडे होते हे आधी पाहावे लागते. ग्रामीण भागात ग्रामपंचायत स्तरावर ग्रामसेवक निबंधकाचे काम पाहतात.

अधिनियमाच्या कलम १७ नुसार शुल्क भरून नोंदवहीत शोध घेण्याची व उतारा मिळवण्याची तरतूद आहे. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. नोंद २१ दिवसांत करणे अपेक्षित असते. एक वर्षाहून अधिक विलंब झाल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तींच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार नोंदणी इत्यादी कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरतो.

## विवाहाच्या नोंदी

या परिसरातील जुन्या पिढ्यांच्या विवाहांची सरकारी नोंद क्वचितच मिळते, कारण हिंदू विवाह धार्मिक विधीने होत व त्याची कागदोपत्री नोंद आवश्यक मानली जात नसे. मुंबई राज्याने १९५३ मध्ये विवाह नोंदणीचा कायदा केला. सध्या 'महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८' लागू आहे. आंतरधर्मीय व नोंदणी पद्धतीच्या विवाहांची नोंद 'विशेष विवाह अधिनियम, १९५४' खाली विवाह अधिकाऱ्याकडे होते.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, तर मुस्लिम कुटुंबांसाठी निकाहनामा व काझींची दप्तरे ही साधने आहेत. कंपनी व ब्रिटिश राजवटीत मुंबई इलाख्यात आलेल्या युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या प्रती लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस अभिलेखांत आहेत. १८५६ मध्ये कल्याण-पळसदरी लोहमार्ग सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सेवेत आलेल्या इंग्रज व आयरिश कर्मचाऱ्यांचे वंशज याच नोंदींचा आधार घेतात.

## जमिनीचे अभिलेख

स्थानिक शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत जमिनीचे दप्तर हे वंशावळीचे सर्वांत सलग साधन ठरते. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये झाला. त्यानंतर खातेदाराच्या मृत्यूपश्चात वारसांची नावे फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) चढवली जाऊ लागली. वारसांसाठी गाव नमुना ६-क ही स्वतंत्र नोंदवही असते. एका वारस फेरफारातून मृत व्यक्ती, तिची विधवा, मुलगे व मुली अशी दोन पिढ्यांची माहिती मिळते. मागील फेरफारांचे क्रमांक सातबाऱ्यावर दिलेले असल्याने एकेक पायरी मागे जाता येते. अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहता येतात.

जुन्या उताऱ्यांतील काही संज्ञा पुढीलप्रमाणे आहेत.

* बिन किंवा वलद – अमुक व्यक्तीचा मुलगा
* कोम किंवा भ्रतार – अमुक व्यक्तीची पत्नी, अर्थात पतीचे नाव दर्शवणारा शब्द
* मयत – मृत
* अ.पा.क. – अज्ञान पालनकर्ता. वारस अज्ञान असल्याचे यावरून कळते
* ए.कु.मॅ. – एकत्र कुटुंब मॅनेजर. या नावामागे अन्य भावांचे हक्कही दडलेले असू शकतात

या भागातील अनेक आगरी व कुणबी कुटुंबे स्वतःच्या मालकीची नव्हे, तर कुळाने जमीन कसत. 'मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८' आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे कुळांच्या हक्काची प्रकरणे चालली. त्यापूर्वी ज्या कुटुंबांचे नाव मालकी सदरी नव्हते, त्यांचा माग पीकपाहणीतील वहिवाटदाराच्या नोंदींत आणि कुळकायद्याच्या निकालपत्रांत लागतो.

## सिंधी निर्वासित कुटुंबांच्या नोंदी

सिंधी कुटुंबांचे जुने जन्म, मृत्यू व मालमत्तेचे अभिलेख आज पाकिस्तानात आहेत. तथापि १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे त्या काळातील सिंधविषयक प्रशासकीय कागदपत्रे मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातही आढळतात. सिंधमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. परिणामी पदवी व मॅट्रिकच्या जुन्या प्रमाणपत्रांवर मुंबई विद्यापीठाचे नाव दिसते.

भारतात आल्यानंतरची साधने अधिक समृद्ध आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ६ नुसार १९ जुलै १९४८ पूर्वी स्थलांतर केलेल्यांसाठी आणि त्या दिवशी वा नंतर आलेल्यांसाठी निरनिराळ्या अटी होत्या. नंतर आलेल्यांना नागरिक म्हणून नोंदणी करून घ्यावी लागे. म्हणून आगमनाची तारीख दाखवणारा निर्वासित नोंदणीचा कागद पुढील पिढ्यांसाठी नागरिकत्वाचा मूळ पुरावा ठरतो.

पश्चिम पाकिस्तानात राहिलेल्या स्थावर मालमत्तेबाबत 'विस्थापित व्यक्ती (दावे) अधिनियम, १९५०' खाली दावे मागवण्यात आले. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन अधिनियमानुसार भरपाई देण्यात आली. दाव्याच्या कागदांत मूळ गाव, मालमत्तेचा तपशील व हिस्सेदारांची नावे मिळू शकतात. उल्हासनगरात बॅरेकमधील खोल्या व भूखंड निर्वासितांच्या नावे झाल्याच्या सनदा व अभिहस्तांतरणपत्रे हे वारसाहक्काच्या वादांत महत्त्वाचे दस्त ठरतात. जुन्या पत्त्यांत रस्त्याच्या नावाऐवजी कॅम्प क्रमांक, बॅरेक क्रमांक व खोली क्रमांक असतो आणि त्यावरून कुटुंब शोधता येते. पुनर्वसन मंत्रालयाची कागदपत्रे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सिंधी आडनावही वंशशोधनास साहाय्य करते. 'आणी' हा प्रत्यय लागलेली अनेक आडनावे एखाद्या मूळ पुरुषाच्या नावावरून आलेली आहेत. ज्याच्या नावाला हा प्रत्यय जोडला गेला, तो त्या शाखेचा पूर्वज मानला जातो. 'नुख' या नावाने ओळखला जाणारा कुलविभागही विवाहसंबंध ठरवताना पाहिला जात असल्याने घरोघरी स्मरणात राहिला आहे. घरगुती पत्रे व हिशेबवह्या अरबी-सिंधी, खुदाबादी (हटवाणिका) किंवा गुरुमुखी लिपीत असू शकतात.

## तीर्थोपाध्यायांच्या वह्या

हरिद्वार येथील पंडे आपल्या यजमानांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवतात. या वह्या यजमानांच्या मूळ गावानुसार लावलेल्या असल्याने सिंधमधील गावाचे नाव ठाऊक असल्यास त्या गावाच्या पंड्याकडे पूर्वजांची नावे मिळू शकतात. अमेरिकेतील युटा येथील जिनिऑलॉजिकल सोसायटीने या वह्यांचे सूक्ष्मपटलेखन केले आहे. मराठी कुटुंबांसाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी हे समांतर साधन आहे.

अशा वह्यांतील तिथी विक्रम संवत किंवा शकात असते. विक्रम संवताच्या आकड्यातून ५७ (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६) वजा केल्यास आणि शकाच्या आकड्यात ७८ (अखेरच्या महिन्यांत ७९) मिळवल्यास इसवी सन मिळतो.

## जनगणना

भारतात जनगणनेची सुरुवात १८७२ मध्ये झाली व १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी एकाच वेळी होऊ लागली. २०११ नंतरची नियोजित जनगणना पुढे ढकलली गेली. मात्र भारतीय जनगणनेतून व्यक्तीचा शोध घेता येत नाही. 'जनगणना अधिनियम, १९४८' च्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी पाहण्यासाठी खुल्या नसतात व त्या पुरावा म्हणूनही ग्राह्य धरल्या जात नाहीत. जिल्हा जनगणना पुस्तिकांतून गावाची लोकसंख्या व अन्य संकलित माहिती तेवढी मिळते.

अन्य देशांतील स्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी, तर अमेरिकेत ७२ वर्षांनी जनगणनेची पत्रके खुली होतात. आयर्लंडमध्ये १८६४ पासून सर्व जन्म, विवाह व मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि १९०१ व १९११ च्या जनगणनेची घरनिहाय पत्रके उपलब्ध आहेत. परंतु १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील आगीत नष्ट झाल्याने तेथील संशोधकांना जमिनीच्या मूल्यांकनाच्या नोंदी व चर्चच्या वह्या यांवर विसंबावे लागते. भारतात जनगणनेची उणीव महसुली दप्तर, शाळेचे जनरल रजिस्टर आणि मतदार याद्या काही अंशी भरून काढतात.

## जात पडताळणी व वंशावळ

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रासाठी अर्जदाराच्या पूर्वजांची जात व वास्तव्य ठरावीक दिनांकापूर्वीच्या पुराव्याने दाखवावे लागते.

* अनुसूचित जाती – १० ऑगस्ट १९५०
* अनुसूचित जमाती – ६ सप्टेंबर १९५०
* विमुक्त जाती व भटक्या जमाती – २१ नोव्हेंबर १९६१
* इतर मागासवर्ग – १३ ऑक्टोबर १९६७

अर्जासोबत वंशावळ जोडावी लागते व तिच्यातील प्रत्येक दुवा कागदपत्राने जोडला जावा अशी अपेक्षा असते. पूर्वज शाळेत गेला असल्यास त्याचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा उपयोगी पडतो. अन्यथा गाव नमुना १४ व फेरफार यांचा आधार घेतला जातो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला व मोडी लिपीतील दप्तरे पुन्हा उघडली गेली.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील कातकरी व ठाकूर कुटुंबांसाठी ही अट विशेष कठीण ठरते. स्वतःच्या नावे जमीन नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत, बाळंतपण घरी झाले आणि कामासाठी वर्षातील काही महिने वीटभट्टीवर गेले, अशा कुटुंबाचा माग कोणत्याच नोंदवहीत लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीशी संबंधित प्रकरणात आप्तभाव चाचणी ही जमातीचा दावा ठरवण्याची एकमेव कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. संविधानपूर्व काळातील दस्तऐवजांचे महत्त्वही त्यात अधोरेखित झाले. त्यामुळे एखादा जुना उतारा सापडणे अथवा न सापडणे यावर विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा उमेदवाराची नोकरी अवलंबून राहू शकते.

## मर्यादा

उपलब्ध साधनांत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचा माग कमी लागतो. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची प्रथा आणि वंशावळीत मुलींची नावे न लिहिण्याची पद्धत ही त्याची प्रमुख कारणे आहेत. वारस फेरफार व आईच्या गावातील जन्मनोंद यांमुळे ही उणीव अंशतः भरून निघते.

शाळेत दाखल करताना अंदाजे सांगितलेली जन्मतारीख, विशेषतः १ जून, ही प्रत्यक्ष तारीख असेलच असे नाही. दमट हवा, वाळवी व पूर यांमुळेही कागद नष्ट होतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. मूळ घरगुती कागद नष्ट झाला, तरी त्यामागील सरकारी नोंद शाबूत असल्यास प्रमाणित नक्कल मिळवता येते. त्यासाठी व्यक्तीचे नाव, घटनेचे अंदाजे वर्ष आणि गाव किंवा कॅम्प या तीन गोष्टी ठाऊक असणे आवश्यक असते.