हातभर होडीची कुळकथा

पॉलिनेशियाच्या माणसांनी ज्या होड्यांतून हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट या तीन टोकांमधला सारा समुद्र वसवला, त्यांपैकी एकही लांब पल्ल्याची होडी आज अखंड उरलेली नाही. १९७० च्या दशकात ताहितीजवळच्या हुआहिने बेटावर पुरातत्त्वज्ञ योसिहिको सिनोतो यांना दलदलीत अशा होडीच्या फळ्या आणि सुकाणूचे वल्हे सापडले. न्यूझीलंडच्या अनावेका किनाऱ्यावर २०१२ मध्ये वाळूतून सुमारे सहा मीटरचा एक तुकडा वर आला. तो इ. स. १४०० च्या आसपासचा निघाला, आणि त्यावर एक कासव कोरलेले होते. अशा तुकड्यांवरून लाकूड कळते, जोडाची भोके कळतात. होडी कशी दिसत होती, तिचे शीड कुठे उभे होते, दोर कसे फिरवले होते, हे जाणायला प्रवाशांची चित्रे, बेटांवरच्या माणसांच्या आठवणी आणि छोट्या प्रतिकृतींकडे वळावे लागते. म्हणून या होड्यांची मोजमापाने नेमकी प्रतिकृती घडवणे ही कला मला जुनी कागदपत्रे वाचण्याइतकी गंभीर वाटते.

या कलेची दोन घराणी आहेत.

पहिले घराणे बेटांवरचेच. युरोपीय जहाजे येऊ लागल्यावर खलाशी, मिशनरी आणि व्यापारी स्थानिक वस्तू मागू लागले, आणि खऱ्या होड्या बांधणाऱ्या हातांनीच लहान होड्या घडवून दिल्या. मनिहिकी बेटावरच्या प्रतिकृतींत तर खऱ्या होडीप्रमाणेच शिंपल्याचे चकचकीत तुकडे जडवलेले दिसतात. या प्रतिकृतींची प्रमाणे बहुधा चुकलेली असतात. होडी लांबीला आखूड आणि रुंदीला फुगीर होते, वल्ही अवाढव्य होतात. संग्रहालयांतले जाणकार पूर्वी त्यांना पाहुण्यांसाठी केलेली खेळणी समजून बाजूला ठेवत. मला हे अन्यायाचे वाटते. घडवणाऱ्याने फुटपट्टी धरली नव्हती, पण दोर कुठून सुरू होतो, आडव्या दांड्याला किती वेढे बसतात आणि गाठ कुठे लपते, हे त्याच्या बोटांना माहीत होते. ते ज्ञान कुठल्याही नकाशात उतरलेले नाही.

दुसरे घराणे कागदाचे, आणि त्याचा मूळ पुरुष म्हणजे फ्रेंच नौदलातला फ्रान्स्वा-एदमों पारी (१८०६–१८९३). त्याच्याआधी चित्रे होतीच. १६४३ मध्ये टोंगाला पोचलेल्या आबेल तास्मानच्या मोहिमेत तिथल्या होड्यांची रेखाटने झाली. कुकच्या दुसऱ्या सफरीत विल्यम हॉजेसने १७७४ मध्ये ताहितीचा लढाऊ ताफा चितारला. पण चित्रकार होडीचा रुबाब टिपतो, तिची मापे घेत नाही. शिवाय युरोपात बसून त्या चित्राचा ठसा कोरणाऱ्याने ती होडी पाहिलेली नसायची. पारीने जगभरच्या किनाऱ्यांवर होड्यांवर चढून दोरी लावली. बाजूने, वरून आणि आडवा छेद घेऊन, अशी प्रत्येक होडी त्याने जहाज बांधणाऱ्याला समजेल अशा रीतीने काढली. १८३७ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या कारैकालला एका ओतकाम-कारखान्यात यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला. त्यानंतरही ‘आर्तेमीझ’ जहाजावरची त्याची सफर थांबली नाही. १८३९ मध्ये ते जहाज होनोलुलूला पोचले. १८४० च्या दशकाच्या आरंभी युरोपबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात हवाईच्या जोडहोडीशेजारी आपल्या पश्चिम किनाऱ्याची फत्तेमारीही आहे. एका फ्रेंच खलाशाने दोघींना सारख्याच आदराने मोजले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पारीचे खरे वेगळेपण मात्र उतारवयात दिसले. १८७१ मध्ये लुव्हरमधल्या नौदल संग्रहालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि मरेपर्यंत त्याने ती सांभाळली. आपल्या जुन्या रेखाटनांवरून तो प्रतिकृती करवून घेऊ लागला. तोवर प्रशांत महासागरातल्या मोठ्या जोडहोड्या झपाट्याने संपत होत्या. हवाईच्या राजांनी पाश्चात्त्य जहाजे घेतली होती, नव्या रोगांनी बेटे ओस पाडली होती, आणि बांधणीची विद्या घरातल्या घरात विझत चालली होती.

ही दोन्ही घराणी एका पानावर आली ती ए. सी. हॅडन आणि जेम्स हॉर्नेल यांच्या प्रशांत महासागरातल्या होड्यांवरच्या तीन खंडांच्या ग्रंथात. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाने तो १९३६ ते १९३८ या काळात छापला. पॉलिनेशियाचा खंड हॉर्नेलचा. हा माणूस मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात अधिकारी होता आणि हिंदुस्थानच्या होड्यांवर त्याने १९२० मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला होता. कोकणात होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती उलांडी त्याला नीट माहीत होती. हवाईत त्याच तरंगत्या ओंडक्याला ‘आमा’ म्हणतात आणि तो नेहमी होडीच्या डाव्या अंगाला असतो. प्रतिकृतीत तो उजवीकडे दिसला, तर करणाऱ्याने उलट छापलेल्या चित्रावर विश्वास टाकला असे खुशाल समजावे.

पुढचा टप्पा प्रतिकृतीच्या मापात मावला नाही. बेन फिनी, टॉमी होम्स आणि चित्रकार हर्ब काने यांनी १९७३ मध्ये पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. होड्या वाऱ्यावर वाहत जाऊन बेटांना लागल्या, ठरवून कुणी गेलेच नाही, असे तेव्हा काही विद्वान ठामपणे सांगत होते. काने यांनी जुन्या चित्रांचा आणि नकाशांचा अभ्यास करून सुमारे १९ मीटरची जोडहोडी आखली. ‘होकुलेआ’ ८ मार्च १९७५ ला पाण्यात उतरली. १९७६ मध्ये सातावाल बेटाचे नाविक माऊ पियाइलुग यांनी ती कुठल्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला नेली. तिचे अंग प्लायवूडचे आणि फायबरग्लासचे आहे, जोडण्या मात्र जुन्या रीतीने दोरांनी बांधलेल्या. म्हणून ‘होकुलेआ’ची प्रतिकृती ही विसाव्या शतकातल्या होडीची प्रतिकृती होय. तिच्यावर दगडी वाकसाचे घाव दाखवून तिला प्राचीन म्हणणे खोटे ठरेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. चाळीसास एक हे प्रमाण धरले, तर ‘होकुलेआ’एवढी होडी हातभर होते. बारा मिलिमीटरचा दोर तेव्हा ०.३ मिलिमीटरचा धागा होतो. खरा दोर नारळाच्या काथ्याचा, वेणीसारखा चपटा विणलेला. त्याचा चपटेपणा या मापात राखणे ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि बहुतेक प्रतिकृती इथेच हरतात. गोल, गुळगुळीत शिवणदोरा गुंडाळला की होडी लगेच दुकानातली दिसू लागते. केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटईचे शीड या मापात विणणे अशक्यच. तिथे बारीक पोताचे कापड घ्यावे आणि चटईचे पट्टे जिथे शिवले जात, तिथल्या शिवणी मात्र दाखवाव्या.

लाकडाचा मोह तर फारच मोठा. हवाईची होडी कोआच्या ओंडक्यातून कोरत, म्हणून प्रतिकृतीही कोआची करून वर चकाकणारे व्हार्निश लावतात. पण खऱ्या कोआच्या रेषा या मापात चाळीसपट मोठ्या दिसतात. आणि खरी होडी चकाकणारी तपकिरी नव्हतीच. तिचे अंग वनस्पतींच्या रसात कोळसा मिसळून काळे करत, आणि काठावरच्या पट्ट्या फिक्या लाकडाच्या ठेवत. संग्राहकांना काळी होडी आवडत नसेल, पण प्रामाणिक होडी काळीच. माझ्या मते चांगला कारागीर यावरूनच ओळखावा: लाकूड कितीही देखणे असले तरी तो ते झाकतो, आणि कुठला भाग पुराव्यावरून केला व कुठला अंदाजाने, हे सोबतच्या कागदावर लिहून देतो.

याच प्रश्नाशी अलीकडे गोव्यातही झटापट झाली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात एक तीन शिडांचे जहाज आहे. त्यावरून काथ्याने शिवलेले ‘कौंडिण्य’ दिवाडी बेटावर बांधले गेले आणि २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. हाताशी नकाशा नव्हता, होते एक चित्र आणि शिवणारे हात. तिथेही आधी प्रतिकृती केली आणि मद्रासच्या आयआयटीत ती पाण्यात तपासली.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. तुमच्या गावच्या खाडीत उलांडीची लाकडी होडी अजून असेल, तर तिची लांबी, रुंदी आणि खोली मोजून ठेवा. उलांडी होडीला कशी बांधली आहे, त्याचे जवळून फोटो काढा. बांधणाऱ्या सुताराचे नाव आणि लाकडाची जात विचारून लिहून ठेवा. हे काम एका दुपारचे आहे, आणि होडी चुलीत जाण्याआधीच ते होऊ शकते.